स्टँडखाली गोटा

नागपुरात मे महिन्यात स्कूटर उभी करायला नुसती जागा सापडून भागत नाही, गोटाही सापडावा लागतो. चपटा, तळहाताएवढा. तो साइड स्टँडखाली सारायचा आणि मगच चावी काढायची. जाणकार मंडळी डिकीत फरशीचा तुकडाच बाळगतात. मी लाकडी फळकूट बाळगतो, कारण तासाभराने ते उचलायचंही असतं. तापलेली फरशी बोटांना सोडत नाही. फळी तेवढीच तापलेली असली तरी निमूट हातात येते.

पण आपण फळी ठेवून उपयोग काय? परवा किराणा घेऊन बाहेर आलो तर माझी स्कूटर, आलेल्या जावयासारखी, भिंतीला आरामात रेललेली. शेजारच्या मोटारसायकलचं स्टँड दोन इंच डांबरात शिरलं होतं आणि ती पडता पडता हिच्या अंगावर आली होती. पानठेलेवाला तिथूनच ओरडला, "काय भौ, त्याच्या स्टँडखालीही तुम्हीच गोटा ठेवाचा न!"

हे घरी सांगितलं आणि फसलो. पुण्याहून भाचा आलाय, सिव्हिल इंजिनिअर. म्हणाला, "मामा, साहजिकच आहे." ह्या दोन शब्दांनंतर तो कधीच लवकर थांबत नाही.

तर म्हणे, डांबरी रस्ता हा मुळात खडीचा रस्ता. वजनात शंभरात पंचाण्णव भाग खडी, उरलेलं डांबर. डांबर उष्णता पुढे सरकवायला महाआळशी. आपली काळ्या बेसाल्टची खडी त्यामानाने दसपट चपळ. दोघांचा संसार मधल्यामध्ये कुठेतरी चालतो. वरून रंग काळा, म्हणजे नवा रस्ता अंगावर पडलेल्या उन्हातलं नव्वद टक्क्यांहून जास्त गिळतो. गिळलेलं खाली झटपट जात नाही, म्हणून वरचा थर साठी ओलांडतो.

"आणि नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडतं ते तापमान, किमान ४७ अंश असला की मानकाला पुरतं," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, "थांब. २३ मे २०१३ ला इथे हवाच ४७.९ होती. म्हणजे त्या दिवशी डांबर सावलीत ठेवलं असतं तरी?"

तो जरा गप्प झाला. पुणेकर गप्प होण्याचे प्रसंग मी जपून ठेवतो.

हिचं दुःख वेगळं. भर दुपारी चौकात हिच्या चपलेचा अंगठा तुटला. रस्ता अर्धा ओलांडलेला, मागे बस. ही चप्पल हातात घेऊन झेब्र्याच्या एका पांढऱ्या पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडे गेली. पांढरा रंग ऊन परतवतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पायांनीच सांगितलं. सिग्नलवरच्या एकाने टाळ्या वाजवल्या. त्याचा नंबर तिने लिहून आणलाय.

बरं, सूर्य मावळला की सुटका, असंही नाही. उष्णता वरून निघाली की दहा सेंटीमीटर खाली जाऊन तापायला तीनेक तास घेते. वर दोनला कहर, तर खाली पाच वाजता. मग अंधार पडल्यावर खालची ऊब निवांत वर येऊ लागते. रात्री दहाला आम्ही शतपावलीला उतरतो तेव्हा वारा बरा असतो, पण पायजम्याच्या आतून पोटऱ्या शेकत असतात. गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता सोडून कुणाच्या तरी कूलरखालच्या ओल्या मातीत पसरलेली. त्यांच्याकडे पाहून ही म्हणाली, "उद्यापासून गच्चीवर फिरू."

भाच्याने तोंड उघडलं, "मामी, स्लॅबचं कसं असतं..."

मी कैरीच्या पन्ह्याचा मोठा पेला त्याच्या तोंडाला लावला.