माझा मुलगा देवाशी भांडायचा

साताऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मध्यंतरी मोठा वाद झाला. शहरातल्या एका बारावीच्या मुलाने जीव दिला होता. पेपरात चार ओळींची बातमी आली आणि तासाभरात ग्रुपवर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, घराघरांतून देवधर्म गेला, संध्याकाळी दिवा लागत नाही, मग मुलांना आधार कशाचा? दुसऱ्या तटाचं म्हणणं, देवधर्मच नडतो, मुलाला महाराजांच्या पायावर घालत बसतात आणि डॉक्टरकडे न्यायचं राहून जातं. त्या मुलाच्या घरी खरोखर काय घडलं, हे दोन्हीकडच्या एकालाही ठाऊक नव्हतं.

माझा मुलगाही असाच गेला, 17 व्या वर्षी. ग्रुपवर सगळ्यांना ते माहीत आहे. मी बर्मिंगहॅमला असते, त्यामुळे मला वगळून बोलणं त्यांना सोपं जातं. पण त्यांच्या प्रत्येक वाक्याआड माझा मुलगा उभा होता, म्हणून हे लिहिते आहे.

त्याला नैराश्याचा आजार होता, 14 व्या वर्षापासून. उपचार चालू होते. गोळ्या होत्या, दर आठवड्याला समुपदेशन होतं. आणि रामावर, मारुतीवर त्याची श्रद्धा होती. दोन्ही होतं आणि तरी तो गेला. देव नव्हता म्हणून गेला असं म्हणणाऱ्यांना आणि देवापायी गेला असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही मला माझं पोर द्यायचं नाही.

श्रद्धा त्याला आली ती साताऱ्यातून. इथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीला लागते, त्यामुळे त्याचा सातारा म्हणजे पावसातला सातारा. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले, यवतेश्वरच्या घाटात धुकं, आणि माझे वडील, म्हणजे त्याचे आबा, छत्री घेऊन सज्जनगडाला जायला तयार. पावसात गडाच्या पायऱ्या निसरड्या होतात. दोघं एकमेकांचा हात धरून चढायचे. कोण कुणाला सांभाळतंय ते बघणाऱ्याला कळायचं नाही. संध्याकाळच्या उपासनेत करुणाष्टकं म्हणतात, ती ऐकून ऐकून त्याला पाठ झाली. त्याचं मराठी इंग्रजी वळणाचं, 'ळ' धड यायचा नाही, पण एकदा त्याने अर्थ विचारला. आबा म्हणाले, "हा माणूस रामाला सांगतोय की मी आतून पोळलोय, मन माझं ऐकत नाही, तू धावत ये." पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आबा, एवढे मोठे रामदासस्वामी. त्यांनाही असं होत होतं?" आबा म्हणाले, "होत होतं, म्हणून तर लिहून ठेवलं."

तेव्हा तो 13 वर्षांचा होता. आजाराचं नावही घरात नव्हतं. त्यामुळे आजाराला घाबरून तो देवाकडे वळला, हे मला मान्य नाही. देव आधी आला, आजार नंतर. आणि आजार आला तेव्हा त्याच्याजवळ निदान शब्द होते. त्याच्या वर्गातल्या मुलांना असं काही झालं तर 'मी ठीक आहे' यापलीकडे बोलताच यायचं नाही. माझ्या मुलाला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक माणूस माहीत होता, जो ठीक नव्हता आणि तसं उघड सांगत होता.

मग अकरा मारुतींचं वेड लागलं. समर्थांनी स्थापलेले हे मारुती. सात आमच्या सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत, दोन कोल्हापुरात. शहापूरचा चुन्याचा मारुती, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, चाफळला दोन. आबा, माझा भाऊ आणि तो, गाडी काढून निघायचे. प्रत्येक ठिकाणी तो वहीत मूर्तीचं चित्र काढायचा आणि खाली इंग्रजीत दोन ओळी लिहायचा. सांगली जिल्ह्यातला बहे-बोरगावचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. हे तिथे गेले तेव्हा नदी भरून वाहत होती, काठावरूनच हात जोडून परतले. त्या वहीत बह्याच्या पानावर नुसतं पाणी काढलेलं आहे.

माझा भाऊ देव मानत नाही. तो अनेक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आहे. गाडी तोच चालवायचा, देवळाबाहेर चहा पीत थांबायचा आणि भाच्याने काढलेलं चित्र आधी मला दाखव म्हणून हट्ट करायचा. सातारा मला असा माहीत आहे. ज्या गावाच्या उशाला सज्जनगड आहे, त्याच गावात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीचं आणि विवेकाचं काम उभं केलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा मार्गी लागला. ग्रुपवर जे लोक त्या कायद्याचं नाव घेऊन भांडतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो वाचला असेल. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. हरिपाठ, कीर्तन, भजन, यात्रा यांना त्याने हातही लावलेला नाही. आजारी मुलाला साखळीने बांधणारा भगत आणि करुणाष्टकं म्हणणारे आबा यांच्यातली रेघ कायद्याला दिसते. आमच्या चुलतभावांना दिसू नये याचं मला वाईट वाटतं.

तो गेल्यावर अस्थी घेऊन आम्ही संगम माहुलीला आलो. कृष्णा-वेण्णेच्या काठावर, विधी चालू असताना, नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने आबांना बाजूला घेऊन सांगितलं की अशा मरणाला गती नसते, वेगळी शांत करावी लागेल. आबा आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "रोज रामाला हाक मारणाऱ्या पोराची गती ठरवणारा तू कोण?" दुपारी घरी दुसरे एक जण, तेही जवळचेच, हळूच म्हणाले, "लहानपणी त्याला गडावर न्यायला नको होतं, मुलं हळवी होतात." सकाळी देवाच्या नावाने आणि दुपारी विज्ञानाच्या नावाने, एकाच दिवसात माझ्या मुलाचा दोनदा निकाल लागला. माझा नास्तिक भाऊ त्या दुपारी आबांच्या शेजारी बसला होता आणि उत्तर त्यानेच दिलं: "मामा म्हणून मी प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर होतो. गडावरून उतरताना तो हसत असायचा. एवढंच मला माहीत आहे."

इकडे परदेशात काय झालं, तेही सांगते. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूची कॉरोनरपुढे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, उघड सुनावणी होते. दोष कुणाचा, हे तिथे ठरवायचं नसतं; कोण गेलं, कधी, कुठे, कसं, एवढंच शोधायचं असतं. सुनावणीआधी आम्हाला विचारलं की तुमचा मुलगा माणूस म्हणून कसा होता, ते लिहून द्याल का. मी अकरा मारुतींबद्दल लिहिलं. एका इंग्रज अधिकाऱ्याने भर सुनावणीत 'चाफळ' आणि 'शिंगणवाडी' हे शब्द अडखळत, पण पूर्ण वाचले. आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि पुढे सरकारी तक्त्यात एका कारणाच्या रकान्यात तो मुलगा जाऊन बसतो: परीक्षेतलं अपयश, आजार, कौटुंबिक समस्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 13,044 विद्यार्थ्यांची नोंद अशीच झाली आहे, आणि एकूण आत्महत्यांत त्या वर्षी महाराष्ट्र पहिला होता. त्या 13,044 पैकी किती जण रोज कुणाला हात जोडत होते, कुणाशी मनातल्या मनात बोलत होते, हे कुठल्याच रकान्यात नाही.

इथलं सगळं चांगलं, असं मात्र मुळीच नाही. मुलांच्या मानसोपचारासाठी इथे महिनोन् महिने रांगेत राहावं लागतं. तो गेल्यानंतर पहिल्या आठवड्यात आमच्या दारातून कार्डं आत पडत होती. साताऱ्यात त्याच आठवड्यात आबांच्या घरी चूल पेटू दिली नव्हती शेजाऱ्यांनी, रोज कुणाच्या तरी घरचं पिठलं-भाकरी यायचं. इथल्या आपल्या मराठी माणसांनी तर 'अचानक गेला' एवढंच बोलायचं ठरवून टाकलं होतं. दुःखात माणसाजवळ बसणं आपल्याला येतं. ते इथे नाही.

पण एक गोष्ट इथे झाली, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. तो काही दिवस रुग्णालयात दाखल होता. इथल्या रुग्णालयांत वेगवेगळ्या धर्मांचे चॅप्लेन असतात, रुग्णाजवळ बसून बोलणं हे त्यांचं काम. त्याच्याकडे आल्या त्या बाई मूळच्या गुजराती. त्यांनी प्रवचन दिलं नाही, प्रसाद दिला नाही. विचारलं, "तू देवाला काय सांगतोस?" तो म्हणाला, "मी भांडतो." "कशावरून?" मग तो तासभर बोलला. घरी येताना गाडीत त्याने मला सांगितलं: "मी मारुतीला म्हणतो, तू डोंगर उचललास ना, मग मला सकाळी अंथरुणातून उचलून दाखव."

त्याच्या परवानगीने त्या बाईंनी हे डॉक्टरांना कळवलं. तेव्हापासून डॉक्टर झोप, भूक, गोळ्या यांच्या जोडीला विचारायच्या, "भांडण चालू आहे ना?" डॉक्टर स्वतः कुठलाच धर्म मानणाऱ्या नव्हत्या. पण भांडण चालू आहे म्हणजे तो अजून कुणाकडून तरी काही मागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे एके दिवशी तो म्हणाला, आता भांडत नाही. आबांना फोनवर वाटलं, पोर शांत झालं. डॉक्टरांनी त्याच दिवशी पुढच्या भेटी जवळ आणल्या, घरात काय खबरदारी घ्यायची ते आम्हाला बसवून सांगितलं. तरीही आजार जिंकला. कर्करोगातही उत्तम उपचार होऊन माणूस जातो आणि तिथे कुणी घरच्यांना देवावरून किंवा डॉक्टरवरून जाब विचारत नाही.

त्याची श्रद्धा हा त्याचा आजार नव्हता. ते औषधही नव्हतं. त्याच्या आतलं जे चाललं होतं ते बाहेरच्या माणसाला कळण्याचा तो एक दरवाजा होता, आणि कुणीतरी तो सरळ प्रश्न विचारून उघडला. साताऱ्यात त्याच्याशी देवाबद्दल खूप जण बोलले. तो देवाशी काय बोलतो, हे आबा सोडून कुणी विचारलं नव्हतं.

या देशातही हे आपोआप आलेलं नाही. 1961 पर्यंत इथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 1935 मध्ये चॅड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला आपला पहिलाच अंत्यविधी करावा लागला तो एका किशोरवयीन मुलीचा. तिला पाळी आली होती, तिला ते गुप्तरोगाचं लक्षण वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, तिने जीव दिला. ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. 1953 मध्ये त्याने लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जीव नकोसा झालेल्यांनी फोन करावा असं जाहीर केलं. लवकरच त्याच्या लक्षात आलं की त्याच्याशी बोलायला आलेली माणसं बाहेर चहा देणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच बरीच हलकी होऊन जातात. त्यातून समॅरिटन्स ही संस्था वाढली. जागा चर्चची होती, पण फोनवर धर्म सांगायचा नाही हा नियम. आज ब्रिटनमध्ये 116 123 हा क्रमांक रात्री-अपरात्री कुणीही फुकट फिरवू शकतो.

आपल्याकडेही कायदा बदलला आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं तो गृहीत धरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम उरलेलं नाही. तरी गावाकडे अजून पोलिसांच्या भीतीने पहिला प्रयत्न 'अपघात' म्हणून दडपतात आणि मुलगा उपचाराविना घरी येतो. टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, 14416 हा तिचा क्रमांक, मराठीतूनही बोलता येतं. आमच्या ग्रुपवर मी विचारलं, किती जणांना हा क्रमांक ठाऊक होता. देव मानणाऱ्यांतून कुणी नाही, न मानणाऱ्यांतून एक, माझा भाऊ.

माझं मागणं साधं आहे आणि ते दोन्ही तटांकडे आहे. गडावर, मठांत, चाफळला, गणपतीच्या मांडवात, जिथे जिथे अस्वस्थ मुलं गुपचूप हात जोडायला येतात, तिथे दर्शनाच्या रांगेत दिसेल असा 14416 लावा. पुजारी, कीर्तनकार, उपासना घेणारी मंडळी यांना कुणीतरी जाणत्या डॉक्टरने अर्धा दिवस बसवून शिकवावं की मुलाने 'मला जगावंसं वाटत नाही' म्हटलं तर नाम घे म्हणून परत पाठवायचं नाही. ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, घरच्यांपर्यंत आणि डॉक्टरपर्यंत पोचवायचं. आणि मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत जेवणाखाण्याची चौकशी करतात तशी हीही करावी की तू कुणाला मानतोस का, त्याला काय सांगतोस.

आबा आता गड चढू शकत नाहीत. पण पत्रकं छापायचा खर्च मी देते म्हटल्यावर ते म्हणाले, मजकूर मी सांगतो. माझ्या भावाने छापखाना शोधलाय. चाफळच्या रामनवमीच्या यात्रेपासून वाटायला सुरुवात करायची, असं दोघांचं ठरलं आहे, आणि साताऱ्यातल्या ज्यांना त्यात हात लावायचा असेल, मग ते ग्रुपवरच्या कुठल्याही तटातले असोत, त्यांनी माझ्या भावाला फोन करावा.