‘स्वप्नं विकणारा’ या आरोपाला उत्तर

अनामिक,

चक्रवाढीवरच्या, म्हणजे व्याजावरही व्याज कसं चढतं यावरच्या, माझ्या लेखाखाली नाव न देता प्रतिक्रिया लिहिता येते, ही सोय तुम्ही पुरेपूर वापरलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्याज ८ टक्के, महागाई ६ टक्के, वर कर, मग हातात उरतं काय? ७२ चा नियम काटेकोर नाही. आणि ‘तुमच्यासारखे लोक बसल्या जागी कोष्टकं मांडून भोळ्या वाचकांना स्वप्नं विकतात.’

नियमाचं मान्य. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं ढोबळमानाने निघतात. ८ टक्क्यांना ९ वर्षं बरोबर येतात, २ टक्क्यांना मात्र नियम ३६ सांगतो, प्रत्यक्षात लागतात ३५. झालं समाधान?

आता ‘स्वप्नं’. कोष्टकात मी मांडलं होतं ते एवढंच. एकाने पहिली १० वर्षं दरमहा १,००० भरले आणि पुढे रकमेला हात लावला नाही. दुसऱ्याने त्यानंतरची २० वर्षं तेवढेच भरले. दर ८ टक्के, व्याज दरमहा मुद्दलात जमा. तिसाव्या वर्षाअखेर पहिल्याच्या १ लाख २० हजारांचे साधारण ९ लाख होतात, दुसऱ्याच्या २ लाख ४० हजारांचे ५ लाख ८९ हजार. यात स्वप्न कुठलं आलं? कॅल्क्युलेटर घ्या आणि ताळा करून बघा. (बसूनच करा. उभ्याने हिशेब मला तरी जमत नाही.)

आणि ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे कोण हो? पहिल्या नोकरीत कार्डाचं बिल थकलं तेव्हा हीच चक्रवाढ मी उलट्या बाजूने भोगली आहे. दरमहा ३ टक्के, म्हणजे वर्षाचे ३६ नव्हे, सुमारे ४२.६, कारण न भरलेलं व्याज बाकीत चढायचं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही आकारणी. तसंच सोडलं असतं तर दोन वर्षांत बाकी दुप्पट झाली असती. ते सगळं फेडलं आणि मगच बचतीला लागलो. तेव्हा वाचकांचा कळवळा मला शिकवू नका. शिवाय त्यांना ‘भोळे’ मी म्हटलेलं नाही, तुम्ही म्हटलंत.

राहिली महागाई. ती दोघांच्याही रकमेला सारखीच खाते, पहिला पुढेच राहतो. कर हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

कोष्टकातला एखादा आकडा चुकला असेल तर तेवढा आकडा लिहा, तपासतो. नुसते टोमणे असतील तर पुढची प्रतिक्रिया छापणार नाही.