बस आणि बसणे : विट्याच्या काकांना उत्तर

रामराम काका. ‘बस’ या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रोखठोक लिहिलंत : “माणसं बसतात ती बस. इतक्या सरळ मराठी शब्दासाठी लॅटिनपर्यंत कशाला जायचं? आणि तो टोपीवाला खरा की सांगोवांगी?” उभी हयात एसटीत वाहक म्हणून काढलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

टोपीवाल्याबाबत तुमचं खरं, चूक माझी. फ्रान्समधल्या नांत शहरात ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून ‘ओम्निबस’ हे बसगाडीचं मूळ लॅटिन नाव पडलं, असं मी ठामपणे लिहिलं होतं. गोष्ट प्रसिद्ध आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. तो परिच्छेद आज काढतोय.

‘बसणे’ मात्र पटत नाही. आपण वडापात (खासगी जीपमध्ये) बसतो, बैलगाडीत बसतो. त्यांना बस कोण म्हणतं? आपल्या संतांच्या अभंगांत तर हे क्रियापद बऱ्याचदा ‘बैसणे’ असं येतं. उलट लंडनमध्ये १८२९ साली शिलिबियर नावाच्या गृहस्थाची तीन घोड्यांची गाडी पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत धावू लागली, तिचं नाव ‘ओम्निबस’ होतं. पुढच्या काही वर्षांत लोक नुसतं ‘बस’ म्हणू लागले. छापताना बऱ्याच वेळा या शब्दाआधी लोपचिन्ह (’) देत, म्हणजे सुरुवातीची अक्षरं गळाली आहेत हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ओम्निबस म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यात ‘ओम्नि’ म्हणजे सर्व, आणि ‘बस’ हा नुसता चतुर्थीचा प्रत्यय. ‘सर्वांसाठी’तलं ‘सर्वां’ गळून ‘साठी’ तेवढं उरावं, तसं झालंय. आता तुम्हाला हवं असलेलं नातं इथे आहे, काका : संस्कृतात ‘सर्वेभ्यः’ म्हणतो ना, त्यातला ‘भ्यः’ आणि लॅटिनचा हा ‘बस’ एकाच मुळाचे. शाळेत विभक्ती घोकताना हे कुणी सांगितलं असतं तर!

‘सर्वांसाठी’ हे नावही उगाच नव्हतं. पॅरिसात १६६२ सालीच पास्कल या गणितज्ञाच्या कल्पनेतून ठरल्या मार्गाच्या गाड्या निघाल्या होत्या, पण साध्या शिपायांना आणि नोकरचाकरांना त्यांत मज्जाव होता. नांतमध्ये बोद्री नावाच्या गृहस्थाने १८२६च्या सुमारास आपल्या स्नानगृहाच्या गिऱ्हाइकांसाठी गाडी सुरू केली, तीच पुढे ‘ओम्निबस’ म्हणवली. बघतो तर माणसं मधेच उतरून आपापल्या कामाला जातायत. आंघोळीला येणारे थोडे, गाडीसाठी येणारे जास्त! मग त्याने गाडीचाच धंदा धरला.

तुमच्या गाडीतही शेवटच्या गावापर्यंत जाणारे कमी आणि फाट्याफाट्यावर चढणारे-उतरणारे जास्त असणार. कराडकडे तिला अजून ‘यष्टी’च म्हणतात. तुमच्या मार्गावर कोणी ‘बस’ म्हणायचं का, आणि कधीपासून, तेवढं जरूर कळवा.