खालची ओळ

शाळेत विरामचिन्हांचा दोन गुणांचा प्रश्न मी खुशाल सोडून द्यायचो. त्या दोन गुणांचं व्याज आता फेडतोय.

जेसन म्हणजे प्रोग्रॅमसाठी माहिती साध्या मजकुरात मांडून ठेवायची एक पद्धत. परवा सेटिंगच्या अशाच एका जेसन फाइलमधली शेवटची नोंद निरुपयोगी वाटली म्हणून उडवली. एवढंच केलं. प्रोग्रॅम सुरूच होईना. म्हणे, २१४व्या ओळीत अनपेक्षित चिन्ह! त्या ओळीत होता काय, तर एकुलता एक महिरपी कंस. अर्धा तास मी त्याच्याकडे संशयाने बघत होतो. उघडे कंस मोजले, मिटलेले मोजले, हिशेब चोख. चोर निघाला वरच्या ओळीच्या टोकाला, शेपूट वळवून बसलेला: स्वल्पविराम.

शेवटच्या नोंदीनंतर जेसनला स्वल्पविराम खपत नाही. ज्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पोटी ते जन्मलं, तिला खपतो. आई मवाळ, लेकरू खाष्ट.

तक्रार करायचीही चोरी, कारण आता जिकडे बघावं तिकडे जेसन. ॲप सर्व्हरशी बोलतं त्यात, एडिटरच्या सेटिंग त्यात. १९९८ साली प्रमाण झालेल्या एक्सएमएल या दुसऱ्या पद्धतीत साधं वय लिहायचं तरी टॅग, म्हणजे नावाची खूण, उघडा, आकडा घाला, तोच टॅग पुन्हा लिहून मिटवा. त्यापुढे जेसनचं सगळं व्याकरण मोजक्या पानांत मावतं. लोक भाळले. मीही भाळलो.

पण टीप, म्हणजे प्रोग्रॅमने वगळायचा, माणसांसाठीचा शेरा, लिहायची सोय नाही! ती जेसन मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी मुद्दाम काढली, कारण लोक टिपांमध्ये प्रोग्रॅमसाठी हुकूम दडवायला लागले होते. मग आमच्यासारखे लोक ‘टिप्पणी’ नावाची खोटी नोंद घुसडतात आणि मनातलं तिच्यात लिहितात.

“अरे, यॅमलवर ये, तिथे टिपा चालतात,” सहकारी म्हणाला. यॅमल ही याच कामाची आणखी एक पद्धत. टिपा चालतात, पण ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही. शिवाय त्याच्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचा कोड ‘एनओ’ (NO) अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावतात. अख्खा देश नाकारणाऱ्याच्या दारात मी कशाला जाऊ?

असो. स्वल्पविराम खोडला, प्रोग्रॅम सुरू झाला. मग २१३वी ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. टोकाकडे बघण्याच्या नादात मधलं वाचायचं राहिलंच होतं.

“टिप्पणी”: “खालची ओळ काढू नये”

अक्षर नाही, पण शुद्धलेखन माझंच होतं.