पैज, तसबीर आणि तुमचा राग

ताई, नमस्कार. उत्तराला उशीर झाला. मध्ये गणपतीची चवथ आली, घरात पंधरा माणसं.

तुमचं म्हणणं असं: 'हाऊ टू लूज अ गाय इन टेन डेज' (२००३) हा सिनेमा माझ्या लेखात उचलून धरताना मी फसवणुकीला गोंडस नाव दिलं. त्यातली नायिका मासिकातल्या लेखासाठी नायकाला पळवून लावायला बघते, तो हिऱ्यांच्या जाहिरातीचं काम मिळावं म्हणून तिला प्रेमात पाडायची पैज लावतो, आणि शेवटी दोघांच्याही पदरात प्रेम पडतं. वर हे सगळे 'तिकडचे चाळे', आपल्याकडे असलं नव्हतं.

पहिलं निम्मं मान्य. 'प्रेमात थोडी चाल हवीच' हे वाक्य मी चुरचुरीत दिसावं म्हणून लिहिलं होतं. माझ्या एका मैत्रिणीची सोयरीक ठरली होती, मुलगा बोटीवर. त्याचा मेसेज दोन तासांनी आला की ही मुद्दाम चार तासांनी उत्तर द्यायची. तो आठ तासांनी, मग ही दुसऱ्या दिवशी. तिला वाटे तो भाव खातोय, आणि तिकडे भर समुद्रात त्याला रेंजच नसायची. सोयरीक मोडली. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, कारण दोन्ही बाजू एकाच वेळी दिसणारं तिथं कुणी नव्हतं.

सिनेमात ते आपण असतो. नायिका नेच्याचं (फर्नचं) रोप आणून त्याला 'आपल्या प्रेमाचं रोप' म्हणते, ते सुकल्यावर गळा काढते, आणि तो दात-ओठ खात गोड बोलतो. दोघंही लबाड आहेत हे ठाऊक असतं म्हणून आपल्याला कुणाची कीव येत नाही. ती एकटीच खेळत असती तर मीही उठून गेले असते. माझा आवडता प्रसंग मात्र वेगळाच आहे. तो तिला आईवडिलांच्या घरी नेतो, तिथं सगळे पत्ते खेळतात. खेळ कोणता, तर थापा मारायच्या आणि दुसऱ्याची थाप पकडायची! थाप मारणं हाच जिथं नियम, नेमक्या त्याच घरात ही दोघं एकमेकांशी नाटक करायचं विसरतात. दहा दिवसांत तेवढंच खरं.

आता 'तिकडचे चाळे'. अहो, आपण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली माणसं, देवळातल्या उत्सवी नाटकांवर वाढलेली. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' नाटक विसरलात? रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि तिच्या नवऱ्याचं, फाल्गुनरावाचं, डोकं फिरतं. माझी मावशी सभामंडपात दरवेळी पुटपुटायची, 'अगे, सांग मगो ताका!' (अगं, सांग ना त्याला!) सांगितलं तर नाटकच संपेल, हे तिला पक्कं ठाऊक. गंमत म्हणजे हे कथानकही मूळ आपलं नव्हे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून इंग्रजीत आणि तिथून देवलांकडे आलं. आपण ते इतकं आपलंसं केलं की आता तिकडचं वाटतही नाही. या नाटकात मुद्दाम कुणी डाव टाकत नाही, संशयच डाव खेळतो, एवढा फरक मी मानते.

सिनेमाचा शेवट मात्र मलाही पटत नाही. मोटारसायकलवरून टॅक्सीचा पाठलाग, पुलावर चार वाक्यं, की झाली माफी. दहा दिवसांचा हिशेब इतक्या स्वस्तात मिटत नाही.

माझ्या लेखातल्या त्या 'चाल हवीच' वाक्यावर रेघ मारलीय, पुसलं मात्र नाही. नाहीतर तुम्ही कशावर चिडलात ते पुढच्याला कसं कळणार?