पगार हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे

माझ्या विद्यार्थिदशेतील इंटर्नशिप सहा आठवड्यांची आणि विनावेतन होती. त्या सहा आठवड्यांत मी जुन्या फाइलींची एक लांबलचक यादी तयार केली, जी माझ्या माहितीप्रमाणे पुढे कोणी उघडूनही पाहिली नाही. मला कोणी वाईट वागवले असे मुळीच नाही. उलट सर्व जण इतक्या सौजन्याने वागले की एखादे काम माझ्या हातून चुकावे अशी वेळच माझ्यावर आली नाही. निरोप घेताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा होता. माझ्यावर संस्थेचा एक पैसाही खर्च होत नव्हता, त्यामुळे माझा दिवस कसा गेला याचा हिशेब कोणालाही द्यावा लागत नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात बरीच उशिरा आली.

पुढे नोकरीत, शिकता शिकता पगारावर काम करायला आलेल्या विद्यार्थ्यांची देखरेख करण्याची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे होती, आणि तेव्हा मला ‘को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन’ किंवा थोडक्यात ‘को-ऑप’ या पद्धतीचे मर्म हळूहळू उमगले. (मराठी वाचकाला या शब्दाने प्रथम सहकारी संस्था आठवेल, पण येथे सहकार्य आहे ते विद्यापीठ आणि काम देणारी संस्था यांच्यातील.) या पद्धतीत विद्यार्थी काही महिने वर्गात शिकतो, काही महिने आपल्या विषयाशी संबंधित ठिकाणी पूर्णवेळ पगारी काम करतो, पुन्हा वर्गात येतो, आणि हे चक्र पदवी मिळेपर्यंत चालते. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत, परंतु त्यांत कमाई ही शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी असते. को-ऑपमध्ये जे काम करून पैसे मिळतात ते कामच शिक्षणाचा एक हिस्सा मानले जाते. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण सारी रचना त्यावरच उभी आहे.

या पद्धतीचा आरंभ १९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात झाला. हर्मन श्नायडर हे तेथील अभियांत्रिकीचे अधिष्ठाता होते. अभियांत्रिकीचा बराचसा भाग प्रत्यक्ष कामाशिवाय कळत नाही आणि कारखान्यातील सामग्री विद्यापीठाने स्वतः उभी करणे परवडणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय सिनसिनाटी हे यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांचे शहर असल्याने ती सामग्री हाकेच्या अंतरावर होती. विद्यापीठाच्या मंडळाने एका वर्षाच्या प्रयोगापुरती परवानगी दिली आणि प्रयोग फसला तर त्याची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, असेही नोंदवून ठेवले, असे सांगितले जाते. पहिल्या तुकडीत २७ विद्यार्थी होते. त्यांच्या जोड्या लावलेल्या असत. एक जण आठवडाभर वर्गात बसला की दुसरा कारखान्यात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातील जागा कधी रिकामी राहत नसे, आणि मालकाच्या दृष्टीने ती खरी जागा होती, पाहुण्यासाठी मांडलेली खुर्ची नव्हे.

माझ्या मते पगाराचे महत्त्व येथेच आहे. पगार म्हणजे विद्यार्थ्यावर केलेली कृपा नव्हे, तसेच गरीब विद्यार्थ्याला दिलेला हातभार एवढाही त्याचा अर्थ नाही, जरी विनावेतन इंटर्नशिप केवळ सुस्थितीतील घरांच्या मुलांनाच परवडते हे उघड सत्य असले तरी. ज्याला पगार द्यावा लागतो त्याला काम काय द्यायचे याचा विचार आधी करावा लागतो, कोणी तरी त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि त्याने केलेले काम निरुपयोगी ठरले तर तसे त्याला स्पष्टपणे सांगावेही लागते. विद्यार्थ्याच्या बाजूनेही तेच घडते. परीक्षेत साठ टक्के गुण मिळाले की तो उत्तीर्ण होतो. साठ टक्के बरोबर असलेला पगारपत्रकाचा हिशेब मात्र चुकीचाच असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावा लागतो.

तरीही माझ्या दृष्टीने या पद्धतीतील सर्वांत मोलाचा क्षण कामावरचा नसून कामावरून परतल्यानंतरचा आहे. आमच्याकडे चार महिन्यांसाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने नोंदी तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. नमुन्याच्या माहितीवर तो निर्दोष चालला आणि खऱ्या माहितीवर पहिल्याच दिवशी कोलमडला, कारण वर्षानुवर्षे वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या त्या नोंदींत तारीख तीन प्रकारे लिहिलेली होती आणि एकाच ग्राहकाचे नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी आले होते. पुढच्या सत्रात ती वर्गात परतली आणि डेटाबेसचा विषय शिकली. एकच माहिती अनेक ठिकाणी ठेवू नये हा नियम पुस्तकात काही पानांतच उरकला जातो. बहुतेक विद्यार्थी तो पाठ करतात. तिला तो पाठ करावा लागला नाही, असे तिने पुढे भेटल्यावर सांगितले, कारण त्या नियमाच्या अभावी काय होते ते तिने दोन आठवडे निस्तरले होते. पदवीच्या अगदी शेवटी केलेल्या इंटर्नशिपमध्ये हे घडू शकत नाही. तेथे प्रश्न पडतात, पण ते घेऊन परत जायला वर्गच उरलेला नसतो.

म्हणून अदलाबदल किती काळाने व्हावी हा मुद्दा केवळ वेळापत्रकाचा नाही. दर आठवड्याला जागा बदलण्यात ना अभ्यासात मन स्थिरावते, ना काम पुरे होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून ही पद्धत चालवते आणि तेथे आता चार-चार महिन्यांची सत्रे आहेत. त्याची किंमत अशी की बरेच विद्यार्थी नेहमीच बाहेर असल्याने वर्ग वर्षभर, तिन्ही सत्रांत चालवावे लागतात आणि अभियांत्रिकीची पदवी जवळपास पाच वर्षांची होते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या दुहेरी विद्यापीठात साधारण तीन महिन्यांचा फेरा असतो, मात्र विद्यार्थ्याचा करार तिन्ही वर्षे एकाच कंपनीशी असतो आणि वर्गातील महिन्यांचाही पगार त्याला मिळतो. आर्थिक सुरक्षिततेच्या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय सरस आहे. परंतु एकोणिसाव्या वर्षी निवडलेल्या कंपनीलाच तो विद्यार्थी आपला व्यवसाय समजू लागण्याचा धोका मला त्यात दिसतो. दर वेळी नवी जागा शोधणारा विद्यार्थी मुलाखतीत नकार पचवायला शिकतो, दोन साहेबांची तुलना करू शकतो, आणि आपल्याला काय करायचे नाही हे त्याला वेळीच कळते. हे शेवटचे ज्ञान मी फार मोलाचे मानतो.

‘मग शिक्षण म्हणजे कंपन्यांसाठी माणसे घडवणे एवढेच का?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. मात्र अमेरिकेतील अँटिऑक कॉलेजमध्ये आर्थर मॉर्गन यांनी १९२१ साली हीच पद्धत अभियांत्रिकीच्या बाहेर, ‘लिबरल आर्ट्स’च्या, म्हणजे एका ठरावीक व्यवसायासाठी नसलेल्या व्यापक शिक्षणाला लागू केली होती, याचा आक्षेप घेणाऱ्यांना सहसा विसर पडतो. मला अधिक गंभीर वाटणारी अडचण दुसरी आहे. विद्यार्थी प्रश्न घेऊन परततो, पण प्राध्यापकांना ते प्रश्न विचारात घ्यायला सवड किंवा इच्छा नसेल, तर काम आणि अभ्यास हे दोन वेगळे डबे राहतात आणि कामाचा अहवाल ही आणखी एक सादर करायची वही ठरते. अशा अहवालांवर, वाचल्याची एकही खूण नसताना झालेल्या सह्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक अडचण मंदीची. नोकरकपात सुरू झाली की विद्यार्थ्यांच्या जागा सर्वांत आधी जातात, कारण त्या काढून टाकण्यासाठी कोणाला कामावरून कमी करावे लागत नाही, नुसती जाहिरात दिली नाही की झाले. ज्या अभ्यासक्रमात कामाचे सत्र सक्तीचे आहे तेथे अशा वेळी विद्यार्थी अधांतरी राहतो. त्यामुळे को-ऑपच्या प्रवेशाबद्दल मला कोणी विचारले, तर कोणत्या नामांकित कंपन्या येतात हे मी फारसे पाहू देत नाही. मागील सत्रात किती विद्यार्थ्यांना काम मिळाले नाही, त्या महिन्यांत त्यांनी काय केले, आणि त्यांच्यासाठी धावपळ करणारा समन्वयक किती विद्यार्थ्यांमागे एक आहे, एवढे विचारून यायला सांगतो.