व्हॉल्व्ह बदललेल्यांना के-२ खायला सांगू नका

‘व्हिटॅमिन के-२ आणि ई रोज घ्या. रक्ताच्या नळ्यांतलं कॅल्शियम निघून जातं, मग रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कायमच्या सुटतात. व्हिटॅमिनच आहे, अपाय काय होणार?’ हा मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. आता तो हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह (झडप) बसवलेल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने के-२ ची स्ट्रिप मागवलीसुद्धा. आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेते: ‘रक्त पातळ करायची गोळी सुटते.’ मेटलच्या व्हॉल्व्हवर आपल्याकडे एसिट्रॉम किंवा वॉरफरिन देतात, आणि ती जन्मभराची असते. रक्त गोठवणारे चार घटक लिव्हरमध्ये तयार होताना व्हिटॅमिन के लागतं. ही गोळी त्या के चाच पुन्हा वापर होऊ देत नाही. वरून के-२ गिळलं की गोळीने थोपवलेलं काम परत सुरू होतं. त्यातही के-२ चा एमके-७ हा प्रकार रक्तात काही दिवस टिकून राहतो. एका प्रयोगात रोज १० ते २० मायक्रोग्रॅम एमके-७ घेणाऱ्या काहींचाही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो उतरला की रक्त लवकर गोठतं) उतरला होता, आणि बाजारातल्या गोळ्यांत ते ४५ ते १०० मायक्रोग्रॅम असतं.

एऑर्टिक जागेच्या (हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी असलेल्या) मेटल व्हॉल्व्हला आयएनआर साधारण २ ते ३ लागतो, मायट्रलला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) २.५ ते ३.५. तो दीडवर आला की व्हॉल्व्हच्या बिजागरीपाशी गुठळी धरू शकते आणि मग पाकळ्या नीट उघडमीट करत नाहीत. रात्री घर शांत असताना पेशंटला स्वतःच्या छातीत जी टिकटिक ऐकू येते, ती बसकी होते किंवा ऐकूच येईनाशी होते. दम लागतो. गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. हे सगळं ‘अपाय काय होणार’ या तीन शब्दांत झाकलं आहे.

रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, यांचं व्हिटॅमिन के शी वाकडं नाही, हे खरं. पण मेटलच्या व्हॉल्व्हला त्या गोळ्या चालतच नाहीत.

‘कॅल्शियम निघून जातं’ म्हणे. डेन्मार्कमध्ये एऑर्टिक व्हॉल्व्हवर कॅल्शियम साचलेल्या ३६५ पुरुषांवर हे तपासून झालंय. रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२, जोडीला व्हिटॅमिन डी, दोन वर्षं. कॅल्शियम वाढायचं ते दोन्ही गटांत सारखंच वाढत राहिलं. निकाल २०२२ मध्ये आला.

कोलेस्टेरॉलच्या गोळीऐवजी व्हिटॅमिन ई? याचं उत्तर २००२ पासून उपलब्ध आहे. ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत हृदयविकार, मधुमेह वगैरे असलेले २०,५३६ लोक होते. रोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, पाच वर्षं दिली. रक्तातलं ई जवळपास दुप्पट झालं, म्हणजे ‘अंगी लागलं नसेल’ ही सबबही उरत नाही. अटॅक, लकवा, मृत्यू यांत काही फरक पडला नाही. याच लोकांत सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या ४० मिलिग्रॅमचीही परीक्षा झाली: अटॅक, लकवा, बायपास-अँजिओप्लास्टी मिळून सुमारे एक चतुर्थांशाने कमी. तीच माणसं, तीच पाच वर्षं. याहून सरळ तुलना कोणती हवी? उलट होप या अभ्यासात ४०० युनिट ई वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त आढळलं.

असंही सांगतात: ‘फॉलिक अ‍ॅसिडने होमोसिस्टीन (रक्तातला एक घटक, जो वाढला की हृदयविकाराचा धोका जास्त दिसतो) उतरतं.’ उतरतं. पण अटॅक कमी होत नाहीत, हे २००६ मध्येच दिसलं. व्हिटॅमिन डी चीही तीच गत.

अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्यांचं, त्यातून शाकाहारी लोकांचं, बी-१२ खरोखर घसरतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांचं थायमिन (बी-१) कमी पडू शकतं. तपासून कमी निघालं तर भरून काढायलाच हवं. पण डी चं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं. ते रोज घेतलं की कॅल्शियम चढतं, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही लॅबच्या ट्रोपोनिन (अटॅक ओळखायच्या) तपासणीत अटॅक लपवू शकतं. छातीत दुखून गेलात तर ते घेत असल्याचं आधी सांगा.

एसिट्रॉम किंवा वॉरफरिनवर असून मेसेज वाचून ज्यांनी के-२ सुरू केलंय त्यांनी स्ट्रिपची मागची बाजू वाचा. ‘मेनाक्विनोन’, ‘एमके-७’ किंवा ‘के२-७’ दिसलं की ती बाजूला ठेवा. हाडांच्या काही कॅल्शियम-डी३ गोळ्यांतही ते असतं. त्याच दिवशी आयएनआर करा आणि आकडा डॉक्टरांना कळवा. एसिट्रॉम स्वतःहून दुप्पट करू नका. के-२ चा असर ओसरायला काही दिवस लागतात. मधल्या काळात एसिट्रॉमचा डोस वाढवला असेल तर नंतर आयएनआर भलताच वर जातो आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. म्हणून आठवड्याने पुन्हा तपासणी हवीच. के असलेली मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त दर आठवड्याला त्यांचं प्रमाण सारखंच ठेवा.